यादीत आहे, कपाटात आहे, तरी मिळत नाही: प्रौढ शिक्षण केंद्रातल्या सॉफ्टवेअरच्या नोंदी

तक्रार नेहमीचीच आहे. केंद्रात शिकवण्याच्या सीडी, डीव्हीडी, पेन ड्राइव्ह आणि मशीनवर बसवलेले कार्यक्रम मिळून शे-दीडशे वस्तू असतात. यादी असते, क्रमांक असतात, कपाटाला कुलूपही असतं. पण वर्गाच्या वेळी हवं ते हाताशी येत नाही. नाव शोधावं तर ‘नोंद आढळली नाही’. डिस्क सापडली तर मशीन ती उघडत नाही, आणि उघडलीच तर आत भलतंच निघतं. मग पावसाळ्याच्या तोंडावर कुणीतरी कंबर कसून सगळी यादी नव्याने करतं, दिवाळीपर्यंत ती बरी चालते, आणि शिमग्याला पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या केंद्रांत यावर ठरलेला उपाय म्हणजे आणखी एक नवी यादी. त्याने काही होत नाही, कारण बिघाड एक नसून तीन आहेत आणि नव्या यादीने त्यातला एकच तात्पुरता झाकला जातो. म्हणून आधी कुठे अडतंय ते बघा. यादीतल्या कुठल्याही दहा नोंदी डोळे मिटून निवडा. प्रत्येक नाव शोधपेटीत स्वतः टंका, वस्तू कपाटातून काढा आणि ज्या मशीनवर शिकणारे बसतात त्याच मशीनवर ती चालवून बघा. कार्यालयातल्या नव्या लॅपटॉपवर नको. कुठली नोंद कुठल्या टप्प्यावर अडली तेवढं लिहून ठेवा. बहुतेक ठिकाणी सगळ्यात जास्त नोंदी तिसऱ्या टप्प्यावर अडतात आणि दुरुस्ती मात्र कायम दुसऱ्याची होते. कपाट लावलेलं साहेबांना दिसतं ना!

शोधात अडलं तर

हा बिघाड सगळ्यात चिडवणारा, कारण पडद्यावर काहीच चुकलेलं दिसत नाही. ‘ॲनिमेशन’ शोधलं तर मिळत नाही आणि यादी खाली सरकवत गेलं तर समोर ‘अॅनिमेशन’ आहेच. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरांना ठरवून दिलेल्या क्रमांकांच्या यादीत, ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर २००८ साली आलं. त्याआधी लोक ‘अ’ टंकून त्यावर चंद्र देत, आणि अजूनही पुष्कळ जण तसंच करतात. डोळ्याला दोन्ही जवळपास एकच, संगणकाला मात्र वेगवेगळी. ‘ऑ’चंही तसंच: कुणी अख्खं अक्षर टंकतं, कुणी ‘आ’वर चंद्र ठेवतं. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र दोन पद्धतींनी लिहिला जातो, तिथेही हीच गत.

खात्री करायला साधी युक्ती आहे. यादीतला शब्द कॉपी करून शोधपेटीत चिकटवा. चिकटवल्यावर सापडला आणि टंकल्यावर नाही, तर दोष इथेच आहे. सगळी यादी एकदा एक्सेलमध्ये घेऊन ‘शोधा आणि बदला’ चालवा आणि पुढे नोंदी करणाऱ्या सगळ्यांना एकच कीबोर्ड ठरवून द्या. कुणी मोबाइलवरून, कुणी इनस्क्रिप्टवरून, कुणी रोमन टंकून मराठी काढून भरलं की सहा महिन्यांत पुन्हा तेच.

जुनी यादी श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये असेल तर ती नव्या कार्यक्रमात चिकटवल्यावर रोमन अक्षरांची खिचडी होते. परिवर्तक वापरून ती युनिकोडमध्ये आणता येते. मात्र नंतर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी वाचून काढावीच लागतात, कारण तिथे परिवर्तक हमखास अडखळतात. नोंदी कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतील आणि शोधाला त्याचं झेब्रा हे शोधयंत्र असेल तर देवनागरीसाठी त्याची आयसीयू मांडणी चालू आहे ना ते तंत्रज्ञाला विचारा. ती नसेल तर टंकन कितीही शुद्ध असो, शोध लंगडाच राहतो. अकारविल्हे यादी छापताना आणखी एक लक्षात ठेवा: संगणकाच्या साध्या कोडक्रमात ‘ज्ञान’ हा शब्द ज मध्ये जातो आणि ‘क्षेत्रफळ’ क मध्ये. शैक्षणिक डिस्कांत तर नावाच्या सुरुवातीला ‘ज्ञान’ असलेल्यांची रांग लागलेली असते. छापील यादीत शेवटी ज्ञ शोधणाऱ्याला त्या नाहीतच असं वाटतं.

आता नावाचं. तालिकीकरणाच्या, म्हणजे ग्रंथालयात नोंदी करण्याच्या नियमांत १९७८ पासून संगणकीय फायलींसाठी वेगळं प्रकरण आहे आणि त्यातली शिस्त अशी की नाव कार्यक्रमाच्या आतून, म्हणजे शीर्षकाच्या पडद्यावरून घ्यायचं, खोक्यावरून नाही. कारण व्यवहारातलं आहे. खोकं बदलतं, हरवतं, दोन डिस्का एकाच खोक्यात जातात. बाहेर मार्करने ‘शिवण २’ लिहिलेली डिस्क चालवली तर पहिल्या पडद्यावर निराळंच नाव, आत ब्लाउज बेतण्याचे तीन चलचित्र-पाठ, मापं काढण्याचा एक छोटा कार्यक्रम आणि एक पीडीएफ. यादीत मात्र एकच ओळ: शिवण २. मुख्य नाव पडद्यावरचं घ्या, आतल्या वस्तू अंतर्वस्तूच्या टिपेत, म्हणजे मार्क २१ या ग्रंथालय-नोंदींच्या ठरलेल्या साच्यातल्या ५०५ क्रमांकाच्या रकान्यात टाका, आणि बाहेरचं ‘शिवण २’ पर्यायी नाव म्हणून २४६ मध्ये ठेवा. ते पुसू नका. निदेशक डिस्क त्याच नावाने मागतात.

याच २४६ मध्ये लोकांच्या तोंडचं नावही भरायचं. “ताई, ते परवाचं नोटा मोजायचं लावून द्या ना,” असं म्हणत बंदरावरून मासळी विकून आलेली बाई समोर उभी राहते. तिला शीर्षकाचा पडदा माहीत नसतो आणि असायची गरजही नाही. ‘नोटा मोजायचं’ टंकल्यावर नोंद निघाली पाहिजे.

भाषेची नोंद नावाला लागूनच हवी. एकच कार्यक्रम पाच भाषांत निघतो. टीसीएसने एफ. सी. कोहली यांच्या पुढाकाराने २००० साली सुरू केलेला संगणकावरून प्रौढ साक्षरतेचा कार्यक्रम आधी तेलुगूत आला आणि मग मराठीसह इतर भाषांत. अशा संचातली कुठली भाषा आपल्याकडे आहे ते पहिल्या ओळीत दिसलं नाही, तर वर्ग जमल्यावर समोर तेलुगू अक्षरं उमटतात.

कपाटात अडलं तर

यावर फार वेळ घालवू नये असं माझं मत आहे. दोन चुका सर्रास दिसतात. एक, सगळ्या डिस्कांना ‘संगणक कार्यक्रम’ म्हणून ड्यूई दशांश वर्गीकरणातला ००५.३ हा वर्गांक. दोन, केंद्र प्रौढ शिक्षणाचं म्हणून सगळ्यांना ३७४. दोन्हींत सगळं एकाच ढिगात जातं आणि वर्गीकरण केल्याचं समाधान तेवढं पदरात पडतं. कार्यक्रम ज्या विषयाचा, त्या विषयाचा अंक द्या: अंकगणित ५१३, मराठी भाषा ४९१.४६, मासेमारी ६३९.२, आंबा ६३४.४४, कपडे शिवणं ६४६.४. आंब्यावरची डिस्क आंब्याच्या पुस्तकांशेजारी यादीत दिसली की बागायतदाराला दोन्ही मिळतात.

पण कपाट बंद असेल आणि वस्तू दोनशेच्या आत असतील तर आत दाखल क्रमांकाने सरळ ओळीत लावा. विषय यादीत सांभाळला जातो, क्रमांक कपाटात. उघड्या मांडणीवर रिकामी खोकी आणि कुलपात डिस्क ही जुनी रीत अजूनही सगळ्यात सोयीची.

एक मोह मात्र टाळा. शासकीय योजनेच्या घटकांनुसार कप्पे करू नका. नव भारत साक्षरता कार्यक्रमाचे पाच घटक (पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, जीवनकौशल्यं, व्यवसाय कौशल्यं, मूलभूत शिक्षण, निरंतर शिक्षण) कागदावर छान बसतात आणि अहवालालाही लागतात. पण तो कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळापुरता मंजूर आहे. त्याआधी २००९ मध्ये साक्षर भारत आलं, त्याआधी १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान. योजना बदलली की कप्पे, लेबलं, क्रमांक सगळं पुन्हा. योजनेचं नाव नोंदीत वेगळ्या रकान्यात ठेवा, अहवालाच्या वेळी त्यावरून गाळणी लावता येते. वर्गांकाला त्याचा स्पर्श नको.

कोकणात कपाटाचा खरा शत्रू दमट हवा. चिकटपट्टीची लेबलं जुलैत आपोआप सुटतात आणि श्रावणात कपाटाच्या तळाशी क्रमांकांचा सडा पडलेला असतो. डिस्कवर कागदी लेबल चिकटवूच नये. ते एका बाजूने सुटलं की फिरताना डिस्क हलते आणि ड्राइव्हलाच इजा होते. क्रमांक आतल्या पारदर्शक कड्यावर डिस्कसाठीच्या मार्करने लिहा. बॉलपेन अजिबात नको: सीडीचा माहिती धरणारा थर वरच्या, म्हणजे छापील बाजूला लाखेच्या पातळ लेपाखाली असतो, त्यामुळे खालच्या ओरखड्यापेक्षा वरचा ओरखडा जास्त घातक. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मधे असतो, तिथे धोका कमी. सिलिका जेलच्या पुड्या ठेवत असाल तर त्या गरम करून सुकवायच्या असतात. वर्षानुवर्षं तशाच पडलेल्या पुड्या काही शोषत नाहीत. आणि कपाट तळमजल्यावर असेल तर सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवा. चिपळूणकरांना हे २००५ आणि २०२१ च्या जुलैनंतर सांगावं लागत नाही.

मशीनवर अडलं तर

खरी मेख इथे आहे. पुस्तकाची नोंद एकदा केली की पुस्तक वाचता येतंच. सॉफ्टवेअरची वस्तू जशीच्या तशी राहते आणि तरीही एके दिवशी निरुपयोगी होते, कारण बदललेलं मशीन असतं. यादी डिस्क आली त्या दिवशी बनते आणि मशीन बदलल्याचं तिला कुणी कळवत नाही. दरवर्षी तीच तक्रार परत येण्याचं हे कारण आहे.

तेव्हा प्रत्येक नोंदीत ‘काय लागतं’ याची टीप हवी. मार्क २१ मध्ये तिची जागा ५३८. साध्या एक्सेलमध्ये एक रकाना पुरतो. पण ती खोक्यावरून उतरवू नका. खोक्यावर ‘पेंटियम, ६४ एमबी रॅम’ लिहिलेलं असतं, त्याचा आज काय उपयोग? चालवून बघा आणि जे घडलं ते लिहा. अडणाऱ्या डिस्कांत ठरावीक प्रकार पुन्हा पुन्हा भेटतात.

फ्लॅशवाल्या, म्हणजे फ्लॅश या जुन्या हलत्या चित्रांच्या तंत्रावर बनवलेल्या, सगळ्यात जास्त. अडोबीने फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने मजकूर चालवणंच थांबवलं. ब्राउझरमध्ये उघडणारे पाठ तेव्हापासून कोऱ्या चौकटी दाखवतात आणि केंद्रात समजूत अशी की डिस्क खराब झाली. डिस्क ठणठणीत असते. आधी डिस्कवर स्वतंत्र चालणारी एक्झी फाइल आहे का ते बघा. तशा फायलींत प्लेअर आतच बांधलेला असतो आणि त्या बहुधा आजही चालतात. निर्मात्यांनी पुष्कळदा दोन्ही दिलेलं असतं आणि मुखपृष्ठावरचं बटण नेमकं ब्राउझरवालं उघडतं. तशी एक्झी नसेल तर रफल नावाचं मोफत अनुकरण सॉफ्टवेअर आहे. साधे, जुन्या धाटणीचे पाठ त्यात चांगले चालतात, गुंतागुंतीचे कधी कधी अडतात. नोंदीत लिहा: ‘मुखपृष्ठावरून उघडू नये. अमुक फोल्डरमधली अमुक फाइल थेट उघडावी.’ या एका ओळीने निम्म्या ‘खराब’ डिस्का परत वापरात येतील.

दुसरा प्रकार नव्वदच्या दशकातल्या डिस्कांचा. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचं काहीच चालत नाही. यात एक फसवी गोष्ट आहे: कधी कधी मूळ कार्यक्रम ३२ बिटचा, चालण्याजोगा असतो आणि फक्त त्याचा स्थापना-कार्यक्रम १६ बिटचा असतो. तेव्हा ३२ बिटच्या जुन्या मशीनवर तो बसवून तिथलं फोल्डर उचलून आणलं तर पुष्कळदा काम भागतं. पडदा लहान किंवा रंग विचित्र दिसत असतील तर फाइलच्या गुणधर्मांत सुसंगततेच्या खुणा असतात, त्यात ६४० गुणिले ४८० आणि कमी रंग निवडून बघा.

मराठी कार्यक्रमांत अक्षरांऐवजी चिन्हं दिसली तर फाँट बसवलेला नाही. तो डिस्कवरच कुठल्यातरी उपफोल्डरमध्ये असतो. आणि जुना कार्यक्रम मशीनवर कॉपी करताना फोल्डरचं नाव मराठीत ठेवू नका. अशा कार्यक्रमांना देवनागरी मार्ग वाचता येत नाही आणि ते काही न सांगता बंद पडतात. तिथे रोमन अक्षरं आणि आकडे, शक्यतो दाखल क्रमांकच.

आता कार्यक्रम सुरळीत चालतो पण शिकवू नये, असाही प्रकार असतो. नोटा ओळखण्याचा २०१६ पूर्वीचा कुठलाही पाठ घ्या. त्यात बंद झालेल्या पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा आहेत आणि २०१७ मध्ये आलेली दोनशेची नाही. २०१७ नंतरच्या पाठात दोन हजारांची नोट असेल, ती मे २०२३ मध्ये चलनातून मागे घ्यायचं जाहीर झालं. बाजारात रोज पैसे मोजणाऱ्या बाईला संगणकावर जुनी हजाराची नोट दाखवली तर तिचा संगणकावरचा विश्वास उडतो, आणि बरोबरच आहे तिचं. नोंदीत ‘आशय जुना: चलन’ अशी खूण करा. पाठ फेकू नका, बेरीज-वजाबाकीचा भाग कामाचा असतो.

कुणासाठी आहे ही टीपही, मार्कमध्ये ५२१, प्रौढ केंद्रात दुर्लक्षून चालत नाही. जीकॉम्प्री हा शैक्षणिक खेळांचा संच मोफत आहे, माउस हाताळायला, घड्याळ वाचायला उत्तम आहे, पण ते २ ते १० वर्षांच्या मुलांसाठी बनवलेलं आहे. पन्नाशीच्या माणसासमोर टाळ्या वाजवणारा पेंग्विन आला की काही जण हसतात, काही जण दुसऱ्या दिवसापासून येत नाहीत. ‘मुलांसाठीचं, प्रौढांना फक्त माउसचा सराव’ एवढं लिहिलं की नव्या निदेशकाला अंदाज येतो.

शेवटचा रकाना, जो मी कुठल्याच यादीत आयता पाहिला नाही: शिकणाऱ्याची प्रगती कुठे साठते. पुष्कळ कार्यक्रम ती त्या एका मशीनवरच ठेवतात. आज तीन नंबरला बसलेला माणूस उद्या पाचवर बसला की पुन्हा पहिल्या धड्यावर. कोलिब्रीसारखं केंद्रातल्या सर्व्हरवर चालणारं असेल तर कुठूनही पुढे जाता येतं. नोंदीत ‘प्रगती: मशीनवर’ किंवा ‘प्रगती: सर्व्हरवर’ लिहा. किविक्समध्ये, म्हणजे इंटरनेटशिवाय वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये, घेतलेला मराठी विकिपीडिया असेल तर त्या संचाची तारीखही लिहा, कारण तो उतरवून घेतला त्या दिवशीच गोठलेला असतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

रकाना एकच वाढवायचा: ‘शेवटचं चाललं’. त्यात तारीख आणि मशीनचा क्रमांक. तो भरायचा वर्ग घेणाऱ्या निदेशकाने, ग्रंथपालाने नव्हे. संगणकावर भरायला सांगितलं तर कुणी भरत नाही, म्हणून कपाटाच्या दाराला आतून कागद लावा आणि दोरीला पेन बांधा. ग्रंथपाल आठवड्यातून एकदा ते यादीत उतरवेल. चाललं नाही तरी तारीख लिहायची, पुढे ‘नाही’ म्हणून.

पडताळणीचा काळ आपल्याकडे मार्चअखेर धरतात तो हिशेबाच्या सोयीचा आहे, केंद्राच्या नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बंदरावरची माणसं वर्गाला मोकळी असतात. उलट वरच्या वाड्यांमधली माणसं त्याच दिवसांत लावणीत अडकलेली. तुमचे शिकणारे कोण ते बघून ज्या महिन्यात वर्ग ओस पडतात त्या महिन्यात पडताळणी धरा, आणि ती ‘वस्तू आहे का’ अशी नको, ‘वस्तू चालते का’ अशी हवी. वर्षभर रकान्यात तारीखच पडली नाही अशा वस्तूंपासून सुरुवात करा, म्हणजे निम्मं काम वाचेल.

प्रत घेऊन ठेवायला काही जण कायद्याला घाबरतात. कायदेशीररीत्या आपल्याकडे असलेल्या संगणक कार्यक्रमाची, तो नष्ट होण्यापासून संरक्षण म्हणून, राखीव प्रत करायला १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. ती प्रत वाटायची किंवा दुसऱ्या केंद्राला द्यायची मुभा नाही. आयएसओ प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल करा, तिचा हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा संकेतांक, काढून नोंदीत लिहा आणि प्रती दोन बाह्य डिस्कांवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. वर्षाने हॅश पुन्हा काढून जुळतो का बघायचं, तेवढीच तिची पडताळणी.

सध्या एक घाई आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि केंद्रांतून मशीन बदलली जात आहेत. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती नाहीच. जुन्या मशीनपैकी एखादं ३२ बिटचं असेल तर ते भंगारात देऊ नका. इंटरनेटपासून तोडून, सीडी ड्राइव्हसकट कोपऱ्यात ठेवा, त्यालाही दाखल क्रमांक द्या आणि ज्या नोंदी फक्त त्याच्यावर चालतात त्यांच्या ५३८ मध्ये तो क्रमांक लिहा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवलं तर आतली ओल सुकते. बाकीची मशीन देण्याआधी त्यांच्यावर बसवलेल्या कार्यक्रमांची परवाना-किल्ली आणि शिकणाऱ्यांच्या प्रगतीच्या फायली काढून घ्या. खोकी हरवलेल्या डिस्कांची किल्ली बहुतेक वेळा तिथेच उरलेली असते.